बुद्धाच्या नावाशी थांबणारी गिटार

देवाजी मामा, माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी तुमचं नाव सांगतो. आईबापाचं त्यानंतर. माझा बाप हे ऐकून रागावला नसता. मॅट्रिक झाल्यावर तो मला खाणीत लावायला निघाला तेव्हा तुम्ही आमच्या दारात आडवे बसला होता, हे त्याच्याही लक्षात होतं.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी लांजीहून बालाघाटला तीन खेपा केल्या. शाळेत परीक्षा चालू आहेत, रजा मिळत नाही, बस कुठंही बंद पडते. काल जलदानाचा विधी आटोपून परत आलो आणि जोडे न काढताच खाटेवर बसून राहिलो. रडू येत नाही. अंगात काही उरलं नाही असं वाटतं. झोपलो तरी ते जात नाही.

मंडळवाल्यांनी स्मरणिकेसाठी चार पानं मागितली आहेत. जन्म कधीचा, नोकरी किती वर्षं, कार्यक्रम किती झाले, सगळं नीट लिहा म्हणाले. जन्माचं मी मामीला विचारलं. मामी म्हणाली, "मले काय विचारतेस? मी का त्याइच्या बारशाले गेलती?" आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसता तिनं पदर तोंडाशी धरला. म्हणून तो भाग मी सोडून दिला आहे. ज्यांना हवा त्यांनी खाणीच्या ऑफिसात जाऊन कागद पाहावेत.

मला आठवतं ते डफडं. तुमच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि ते तुमचं कधीच नव्हतं. दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या लग्नात, बाहेर उभं राहून वाजवायचं. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तुमच्या वडिलांनी ते वैनगंगेत सोडलं, आणि या घरातला हात पुन्हा त्याला लागणार नाही असं चार लोकांत सांगितलं. त्याच साली नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि आपण इकडे राहिलो. त्याचं दुःख मोठ्या माणसांना होतं. तुमचं दुःख वेगळं होतं. हात वाजवायला मागत होते आणि वाजवायला काही नव्हतं. तुम्ही जेवताना थाळीवर बोटं वाजवायचे. मामी म्हणायची, "थाली फोडता का आता?"

तशी दोन वर्षं गेली. मग खाणीच्या साहेबांच्या क्लबात पंखा दुरुस्त करायला तुम्हाला पाठवलं आणि तिथं भिंतीला टांगलेली गिटार तुम्ही पाहिली. साहेब येण्याआधी वितीनं तिची लांबीरुंदी मोजून घेतली. घरी येऊन चुलीच्या कोळशानं ती सगळी मापं भिंतीवर काढली. तुम्ही वर्कशॉपात फिटर, त्यामुळे हातात कसब होतं. शिवणीच्या लाकडाची पाटी, सायकलच्या ब्रेकची तार उकलून बारीक तारा, जाड तारा नागपूरच्या सतारवाल्याकडून. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची. तारांवरून फिरवायला पितळेची गुळगुळीत कांडी तुम्ही लेथवर काढली. अंगठ्याची नखी मामीच्या कंगव्यातून कापली, त्यावरून आठ दिवस भांडण चाललं. तारांचा आवाज लाउडस्पीकरपर्यंत न्यायला टेलिफोनच्या जुन्या रिसीव्हरमधलं चुंबक काढून त्यावर तुम्ही केसाएवढी बारीक तांब्याची तार गुंडाळत बसायचे. हातानं गुंडाळली की तुटायची. शेवटी शिंप्याच्या मशीनवर, बॉबिन भरतात तिथं ते बसवलं आणि शिंपी पाय मारत राहिला. लाउडस्पीकरला जोडल्यावर पहिला आवाज निघाला तेव्हा वॉर्डातली कुत्री भुंकायला लागली.

मी विचारलं होतं, "मामा, गिटारच काहून? पेटी शिकले असते."

तुम्ही म्हणाला, "याले आपल्या कोन्याच बापजाद्यानं दुसऱ्याच्या दारात वाजवलं नाही. हे कोरं आहे, बावा."

मला ते तेव्हा पूर्ण कळलं नाही. शाळा हिंदीत, घरी वऱ्हाडी, डोक्यात सगळी परीक्षा. पण तुमच्या अंगणात बसून मी गिटार शिकलो. तुम्हाला सुरांची नावं येत नव्हती. "इथून थेथ्थ जा, पण चालत नको जाऊ, घसरत जा," असं तुमचं शिकवणं. चुकलो की पायाच्या अंगठ्यानं मांडीला टोचायचे.

जबलपूरच्या कॉलेजात नाव घालायला तुम्हीच मला नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं घेऊन गेला. फॉर्म तुम्हाला वाचता येत नव्हता, तरी तुम्ही तो दोन्ही बाजूंनी पाहिला. मला होस्टेलात सोडल्यावर तुम्ही परत गेला असं मी समजत होतो. तिसऱ्या दिवशी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर तुम्ही दिसला. मी विचारलं, अजून इथंच? म्हणाला, "तू पळून येशीन मनून बसलो व्हतो. आता जातो." मी खरंच पळणार होतो, मामा. पिशवी भरलेली होती. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. बी. ए. झालो तेव्हा तुम्ही मला नावानं हाक मारायचं सोडलं. "या बीये साहेब, तार लावून द्या." मामी म्हणायची, "बीये झाला, पन जेवल्यावर ताट उचलाची अक्कल आली नाही."

आता ते गाणं. ज्यांच्यासाठी ही स्मरणिका आहे त्या सगळ्यांना ते पाठ आहे, पण ते मुळात कसं होतं हे नव्या लोकांना माहीत नाही, म्हणून लिहितो. चाल तुमची, शब्द आपल्या गायनपार्टीतल्या सुखरामचे आणि गळाही सुखरामचाच. ध्रुपदाच्या शेवटी बुद्धाचं नाव येतं. पहिल्यांदा ते बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात म्हटलं तेव्हा नाव आलं आणि तुम्ही कांडी खाली ठेवून दोन्ही हात जोडले. तसं ठरलेलं नव्हतं. हात तारांवरून सुटले आणि लाउडस्पीकर घूंऽऽ करायला लागला. तुमच्या त्या गिटारचा तो दोषच होता. हात तारांना लागलेला असेपर्यंत गप्प, सुटला की घूं. तुमचं अंगच तिचं अर्थिंग होतं. लोक दचकले, मग हसले. तुम्ही हात जोडूनच बसलात, मग कांडी उचलून पुढे वाजवायला लागलात.

दुसऱ्या कडव्याला पुन्हा तेच. मी मागून म्हणालो, "मामा, आवाज येऊन राह्यला." तुम्ही वळून पाहिलंही नाही.

पुढच्या वर्षापर्यंत वॉर्डात त्या आवाजाला भुंगा म्हणायला लागले. भुंगा बोलला की हात जोडायचे. मागं बसलेल्या बायांना गाण्याचे शब्द ऐकू येत नव्हते, पण भुंगा ऐकू यायचा, आणि पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या बाया एका हातानं पोर सावरून दुसरा कपाळाशी न्यायच्या. वारासिवनीला, कटंगीला, जिथं कार्यक्रम झाला तिथं हे पोचलं. दुसऱ्या कोणत्या पार्टीत असं नव्हतं.

मग नागपूरला रेकॉर्ड काढायचं ठरलं.

ती खोली मला आजही दिसते. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खोलीच्या मधोमध एकच माइक, आणि काचेपलीकडे मशीनवाला. त्यानं खडूनं जमिनीवर आमच्या जागा आखल्या. सुखराम माइकपाशी, पेटी दोन पावलं मागं, ढोलकी पार दाराजवळ, तारा लावून द्यायला मी तुमच्या शेजारी. तुमच्या गिटारचा लाउडस्पीकर खुर्चीवर ठेवून त्याचं तोंड माइककडे केलं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. दुपारची वेळ. सुखरामच्या कानामागून घाम गळत होता आणि तो पुसायचाही नव्हता, कपड्याचा आवाज येतो म्हणून.

पहिलं ध्रुपद झालं, नाव आलं, भुंगा बोलला. मशीनवाल्यानं हात वर केला. "गिटारवाले दादा, ये घूं कहाँ से आ रही है?"

"हात काढतो ना साहेब मी."

"तो मत निकालिए."

"नाव येते तेथं."

त्याला समजलं नाही. मी हिंदीत समजावून सांगितलं. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, ठीक आहे, थांबा, पण एक हात तारांवर ठेवून थांबा, म्हणजे घूं येणार नाही. तुम्ही माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "एका हातानं कसा नमस्कार करतेत गा?" मी हसलो. तुम्ही विचारत होता, गंमत करत नव्हता.

तुम्ही प्रयत्न केला. चार वेळा केला. दरवेळी नाव आलं की डावा हात तारांवर दाबून धरायचे, उजवा छातीशी यायचा आणि डावा त्याच्यामागून आपोआप उठायचा. तुम्हाला स्वतःलाच राग येत होता. "आयकतच नाही," म्हणाला हाताकडे पाहून. दाराबाहेर दुसरी पार्टी ताटकळत होती, त्यांचा गवई फटीतून आत पाहत होता. पाचव्यांदा भुंगा बोलल्यावर मशीनवाला काचेमागून बाहेर आला आणि म्हणाला, "और कोई बजाता है?"

मी म्हणालो, "मैं बजा लेता हूँ."

तुमच्या मांडीवर गिटार होती अजून. तुम्ही कांडी शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे," म्हणाला.

मी वाजवलं. एका झटक्यात झालं. नाव आलं तिथं मी हात उचलला नाही, आणि नुसता ठेवलाही नाही. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत एक लांब मींड घेतली. तुम्हीच शिकवलेली, घसरत जायची. मशीनवाल्यानं काचेमागून मान डोलावली. तुम्ही दाराजवळ ढोलकीच्या मागे उभे होता, आणि दर नावाला हात जोडत होता. आवाज न करता. मी एकदाच पाहिलं. नंतर तारांकडेच पाहत राहिलो.

परत येताना गोंदियाच्या फलाटावर छोट्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. सुखराम आणि बाकीचे पाणी प्यायला गेले. मला गप्प राहवलं नाही.

"मामा, थे मशीन आहे. मशीनीपुढं हात जोडून का फायदा?"

"मी का मशीनीले जोडले?"

"आयकनाऱ्याले हात दिसत नाही ना पन."

"भुंगा त आयकू येते. थो आयकूनच जोडतेत लोकं."

"अशानं आपन मागंच राहू, मामा. लोकं कोठी गेले, आन आपन भुंगा घेऊन बसलो."

तुम्ही म्हणाला, "हौ. तू बीये आहेस. तुले जास्त समजते." त्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो आणि एखादवेळी तिथंच सगळं मोकळं झालं असतं. सुखराम केळी घेऊन आला आणि तुम्ही सोलायला लागलात.

रेकॉर्ड चाललं. ते सगळ्यांना माहीतच आहे. वारासिवनीच्या बाजारात हॉटेलवाल्यानं लावलं, लग्नांत वाजलं, माझ्या आधी ते लांजीला पोचलं. लोकांना सगळ्यांत आवडायची ती मींड. पुढच्या पौर्णिमेला तुम्ही नेहमीसारखे गिटार घेऊन बसला, नाव आलं, हात उचलले. समोरून कोणीतरी ओरडलं, "मामा, रेकॉर्डवानी वाजवा ना!" दुसरा म्हणाला, "विसरले वाटते." भुंगा बोलला तशी एक जण उठून लाउडस्पीकरची तार हलवून पाहायला लागला. पुढच्या दोन-चार म्हाताऱ्यांनी मात्र हात जोडले. तिसऱ्या कडव्यानंतर तुम्ही मला खुणेनं बोलावलं. "बस तू," म्हणाला. आणि मागं जाऊन लाउडस्पीकरच्या मशीनपाशी बसला.

त्यानंतर तुम्ही लोकांसमोर गिटार घेतली नाही. नऊ वर्षं. तारा लावून द्यायचे, मशीनवरची धूळ पुसायचे, पावसात चुंबकाला गंज चढू नये म्हणून गिटार मामीच्या लुगड्यात गुंडाळून ठेवायचे. लोक म्हणायचे, मामांनी नव्या माणसाला पुढं केलं, केवढं मोठं मन. एका कार्यक्रमात मी स्वतःच माइक हातात घेऊन तुमचे आभार मानले, तुम्ही मला तुमची जागा दिली म्हणून. टाळ्या पडल्या. तुम्ही मागून मान हलवली. माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हा गिटार घेऊन तुम्ही बसनं लांजीला आला. दोन तास ती मांडीवर धरून. "तुले लागन," म्हणाला, आणि चहा घेऊन त्याच बसनं परत गेला.

तुम्ही मला पळू दिलं नाही आणि माणूस केलं, याचं मी काय करू? रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही दर महिन्याला निरोप पाठवत राहिलात, तब्येत कशी, तारा गंजल्या का, मुलगी चालायला लागली का.

या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात पाचवीतल्या एका मुलीनं तेच गाणं म्हटलं. छान म्हटलं. ध्रुपद संपताना मात्र तिनं तोंडानंच ती मींड काढली, आंऽऽऽ करून, आणि नाव म्हटलंच नाही. मी तिला विचारलं, "बाई, इथं नाव आहे, ते कुठं गेलं?" ती म्हणाली, "नाही गुरुजी, इथं आंऽऽऽ आहे. रेकॉर्डात असंच आहे." मी घरी येऊन रेकॉर्ड लावलं. खरंच तसंच आहे. सुखरामचं शेवटचं अक्षर माझ्या मींडीखाली गेलं आहे. मी ते इतक्या वेळा ऐकलं, पण मी नेहमी माझंच ऐकत होतो.

त्याच आठवड्यात तुम्हाला पत्र लिहिलं. तुमची छाती दुखते असं कळलं होतं, पण ती दोन वर्षांपासूनच दुखत होती. पत्र पोचलं आणि नवव्या दिवशी तुम्ही गेला.

परवा मामीला विचारलं, पत्र मिळालं होतं का.

"हौ. सुखरामनं वाचलं."

"मग?"

"मंग पुन्हा एकदा वाचाले लावलं."

"काही बोलले?"

"चाय ठेव मनले."

"आखीन?"

"आखीन काय? चाय पेली. तू काहून असा पाहून राह्यला माह्याकडं?"

सुखरामला विचारलं. तोही एवढंच सांगतो. तुम्ही ऐकत असताना खिडकीबाहेर पाहत होता, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका जागी त्याला थांबवलं, पण कुठं ते त्याला आठवत नाही. मी फार खोदून विचारलं तर रागावला. तोही थकला आहे.

त्या पत्रात नव्या लोकांसाठी काही नाही. पण जे लोक रेकॉर्डवानी वाजवा म्हणत होते त्यांनी, आणि तार हलवून पाहायला उठला होता त्यानं ते वाचलं पाहिजे. मंडळाला चार पानं हवी होती. चौथं पान हे पत्र, मामीकडून मागून आणलेलं.

लांजी,
सोमवार

देवाजी मामांना जयभीम.

पत्र सुखरामकडून वाचून घ्या. त्यालाही हे कळलेलं बरं.

नागपूरला मशीनवाल्यानं आणखी कोण वाजवतो असं विचारलं तेव्हा मी पार्टीची मदत म्हणून हो म्हटलं नव्हतं. वेळ कमी होता म्हणूनही नाही. सकाळपासून मला वाटत होतं की तुम्ही चुकत राहावं. तिसऱ्यांदा तुमचे हात उठले तेव्हा मला बरं वाटलं. चौथ्यांदा मी माझी नखी अंगठ्यात चढवून बसलो होतो. तुम्ही ती पाहिली की नाही, मला माहीत नाही.

ती मींड मला कोणी घ्यायला सांगितली नव्हती. जागा रिकामी होती आणि मी तिथं दिसावं असं मला वाटलं. आता त्या जागी बुद्धाचं नाव ऐकू येत नाही. पोरं तसंच शिकली आहेत.

गोंदियाला जे बोललो ते मला स्वतःलाही पटलेलं नव्हतं. तुम्ही ज्या शिक्षणासाठी तीन दिवस टपरीवर बसला, ते मी तुमचं तोंड बंद करायला वापरलं. तुम्ही चुकत नव्हता, मामा. हे मला तिथंच कळत होतं. नऊ वर्षं मी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला उठून तुमची जागा तुम्हाला द्यावी लागली असती.

येत्या पौर्णिमेला मी गिटार घेऊन येतो. तारा नव्या लावल्या आहेत. गाणं तुम्ही वाजवायचं. सुरू होण्याआधी मी उभा राहून लोकांना सांगतो की रेकॉर्डात जे वाजतं ते माझं आहे आणि ते चुकीचं आहे, इथं गिटार थांबते, आणि का थांबते. कोणी ओरडलं तर मी त्याच्यापाशी जाऊन बसतो.

छाती दुखत असेल तर एकच कडवं वाजवा. तेही नको वाटलं तर नुसते बसा, पण समोर बसा, मशीनपाशी नको.

उत्तर लिहवून घ्यायची तसदी घेऊ नका. येता का, एवढंच लांजीच्या बसवाल्याजवळ सांगून पाठवा. तो मला ओळखतो, शाळेत आणून देईल.

तुमचा,
प्रल्हाद